तीनदा मिचकावणारा दिवा

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या थंड प्रदेशात घर घेतलं. तळघरात घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस आहे, १२ वर्षं जुनी. गेल्या महिन्यापासून पहाटे घर गार पडतं. खाली जाऊन पाहिलं तर फर्नेसच्या झाकणातल्या काचेच्या छोट्या भोकातून लाल दिवा तीनदा मिचकावतो, थांबतो, पुन्हा तीनदा. झाकणाच्या आतल्या तक्त्यात तीनदा म्हणजे 'प्रेशर स्विच' असं लिहिलंय. ब्रेकर पाडून पुन्हा चढवला की फर्नेस लागते, पण दुसऱ्या पहाटे तेच. टेक्निशियन आला, प्रेशर स्विच बदलून गेला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तीन मिचकावण्या. मध्येच कधी दुपारी चार मिचकावण्याही दिसतात, पण त्या आपोआप जातात. दीर म्हणतात, स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाक, कटकट मिटेल. सासूबाई म्हणतात, गॅस जास्त जळतोय म्हणूनच हे होतंय. त्यांनी न वापरत्या खोल्यांची व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याची तोंडं, बंद करून टाकली आहेत. टेक्निशियन म्हणतो, आता नवीनच फर्नेस घ्या. मी कुणाचं ऐकू?

– पहाटे चारला तळघरात उभी असलेली एक

उत्तर

आधी दिरांचं. त्या वायरी जोडू नका. बाकीचं पत्र वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून कागद बाजूला ठेवलात तरी चालेल. का ते पुढे सांगतो.

तुम्हाला तिघांनी तीन मतं दिली आहेत, आणि तुमच्या टेक्निशियनसकट सगळ्यांची चूक एकाच जागी झाली आहे. दिवा 'प्रेशर स्विच' म्हणाला, म्हणजे प्रेशर स्विच बिघडला, असं सगळ्यांनी धरून चाललं. दिवा असं म्हणत नाही. फर्नेस सुरू होताना ठरलेल्या क्रमाने काही पायऱ्या चढते आणि कुठल्या पायरीवर अडली ते तेवढं दिवा सांगतो. का अडली हे त्याला माहीत नसतं. जिन्यात कुणी थांबलं तर पाय दुखतोय, दिवे गेलेत की वरच्याने दार लावलंय, हे कितव्या पायरीवर थांबलं त्यावरून कसं कळणार?

मीही या धंद्यात नवा असताना हेच केलं होतं. दिव्याच्या मिचकावण्यांचा कोड 'ज्योत पेटत नाही' असा होता, म्हणून ज्योत पेटवणारा इग्नायटर बदलला. मग गॅस व्हॉल्व्हवर संशय घेतला. अर्धा दिवस गेला. शेवटी घरमालकिणीनेच विचारलं, "रंगकाम करणाऱ्यांनी तो गॅसचा पिवळा कॉक आडवा केला होता, त्याचा काही संबंध आहे का?" होता. कोड अगदी बरोबर होता, मीच तो चुकीचा वाचला होता.

तर त्या पायऱ्या एकदा नीट समजून घ्या. थर्मोस्टॅट 'ऊब हवी' म्हणून निरोप धाडतो. कंट्रोल बोर्ड आधी सगळे सुरक्षेचे स्विच जागच्या जागी आहेत का ते बघतो. मग एक छोटा पंखा घुमू लागतो, त्याला इंड्यूसर म्हणतात. मागच्या वेळचा उरलासुरला धूर बाहेर ढकलणं आणि बर्नरमधून हवा ओढत राहणं हे त्याचं काम. तो खरंच हवा ओढतोय का, याची खात्री प्रेशर स्विच करतो. खात्री पटली की इग्नायटर तापून लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. ज्योत खरोखर आहे हे फ्लेम सेन्सर नावाची एक बारकी सळई सांगते. तिने काही सेकंदांत होकार दिला नाही तर बोर्ड गॅस तोडतो. होकार आला तर अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, सुरू होतो आणि खोल्यांमध्ये ऊब येऊ लागते.

एखाद्या दिवशी दिवसाउजेडी फर्नेससमोर उभं राहून हे सगळं कानाने ऐका. छोट्या पंख्याची घरघर, एक 'टक', इग्नायटरचा लाल उजेड, गॅसचा 'फुस्स', मग मोठा पंखा. एकदा कान बसला की दिवा न बघताही गाडी कुठे अडली ते कळतं. पहाटे तुम्ही खाली जाता तेव्हा छोटा पंखा घुमत असतो का? मला वाटतं, असतो. कारण तो बंदच असता तर दोष मोटरचा किंवा तिच्या विजेचा, आणि मग रीसेट केल्यावर ती रोज इतक्या इमानाने चालली नसती.

आता स्विचकडे. तो म्हणजे बशीएवढी एक चकती, आत रबराचा पातळ पडदा, आणि इंड्यूसरकडून येणारी एक बारीक रबरी नळी. पंखा हवा ओढतो तेव्हा नळीत किंचित ओढ तयार होते, पडदा सरकतो, संपर्क जुळतो. ही ओढ इतकी कमी असते की ती पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत मोजतात, तीही बहुधा एका इंचाच्या आसपास किंवा त्याहून कमी. स्ट्रॉने ग्लासातलं पाणी इंचभर वर चढवायला जेवढा जोर लागतो, तेवढाच. एवढ्याशा ओढीवर सगळी भिस्त असल्यामुळे नळीत पाण्याचे चार थेंब साचले, नळीला चीर गेली, बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी बर्फ जमला किंवा पक्ष्याने घरटं बांधलं, की स्विच म्हणतो 'नाही'. आणि तो बरोबरच म्हणत असतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एक वाक्य: ब्रेकर पाडून चढवला की लागते. तुम्ही ते वैतागून लिहिलंय, पण रोगाचं नाव बहुधा त्यातच आहे.

गॅस जळला की पाणी तयार होतं. जुन्या धाटणीच्या फर्नेसमध्ये ते वाफ होऊन धुराड्यातून निघून जातं. तुमच्या फर्नेसला धातूचं धुराडं नसून प्लास्टिकचे पांढरे पाइप असतील, तर ती जास्त कार्यक्षमतेची, ९० टक्क्यांच्या वरची असणार. अशी फर्नेस धुरातली उरलेली ऊबही काढून घेते. त्यामुळे वाफेचं पाणी आतच होतं, कडक थंडीत दिवसाला कित्येक लिटर. ते एका ट्रॅपमधून, म्हणजे वळणाच्या छोट्या भांड्यातून, नळीवाटे मोरीत जातं. ट्रॅपमध्ये गाळ धरला किंवा नळीला पोक आला की पाणी तुंबतं. पंखा चालू असतो तोवर त्याची ओढ ते पाणी वरच धरून ठेवते. पाणी नको तिथे चढतं, स्विचला ओढ पोचत नाही आणि दिवा तीनदा मिचकावतो. तुम्ही ब्रेकर पाडता, पंखा थांबतो, ओढ संपते आणि तुंबलेलं पाणी सावकाश झिरपून जातं. तुम्ही ब्रेकर चढवता, फर्नेस लागते, आणि तुम्हाला वाटतं रीसेटने काम झालं. काम झालं ते त्या मधल्या मिनिटांत, गुरुत्वाकर्षणाने! पहाटेच का? रात्रभर फर्नेस सर्वांत जास्त चालते, सर्वांत जास्त पाणी तेव्हाच तयार होतं. नवा स्विच बसवल्यावर चार दिवस बरे गेले, कारण तो बसवताना नळी काढून, झटकून पुन्हा लावली गेली असणार.

इथून मी शपथेवर सांगू शकत नाही, पण पैज लावायची तर ट्रॅपवर लावेन. फर्नेस चालू असताना आतून गुडगुड, हुक्क्यासारखा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर पैज जिंकल्यात जमा.

तुम्ही स्वतः काय करायचं? आधी बाहेर जा. ते दोन पांढरे पाइप भिंतीतून जिथे बाहेर पडतात तिथे बर्फाचा ढीग, सुकी पानं, जाळी असं काही अडलंय का बघा आणि मोकळं करा. मग आत या. झाकण काढायच्या आधी काचेतून दिवा वाचा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डोळ्यांनी मोजताना तीनाचे चार होतात. हे आधी करायचं कारण असं की झाकणामागे दाराचा एक स्विच असतो. झाकण निघालं की वीज जाते, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांची स्मरणशक्ती विजेबरोबरच जाते. ब्रेकर पाडल्यावरही तेच. इतके दिवस तुम्ही रोज पहाटे साक्षीदाराला झोपवत होता आणि मग जबाब मागत होता.

वीज बंद करून झाकण काढलं की पाण्याची नळी शेवटपर्यंत हाताने चाचपा. कुठे पिळली आहे का, झोळीसारखी लोंबते आहे का, आत चिकट गाळ दिसतो का. पाणी पंपातून जात असेल तर पंपाचा प्लग लावलेला आहे ना तेही बघा. हसू नका, इस्त्रीसाठी तो काढणारी माणसं मी पाहिली आहेत. स्विचच्या बारीक नळीत पाण्याचे थेंब दिसले तर ती हळूच काढून झटका, आणि जिथून काढली तिथेच बसवा. ट्रॅप उघडून धुणं हाताला सवय असेल तरच करा. केलंत तर परत लावताना त्यात स्वच्छ पाणी भरा, कोरडा ठेवू नका. त्याच पाण्याने नळीतून उलटी हवा ओढली जाण्याला अटकाव होतो. सवय नसेल तर टेक्निशियनला बोलवा, पण या खेपेला 'कोड आलाय' एवढंच सांगू नका. 'ट्रॅप साफ करा आणि प्रेशर मोजून आकडा मला दाखवा' म्हणा. त्याच्याकडे मॅनोमीटर असतो. स्विचवर त्याचा स्वतःचा आकडा छापलेला असतो. मोजलेला आकडा त्याहून पुरेसा जास्त असूनही स्विच जुळत नसेल, तरच स्विच दोषी. गेल्या वेळी हे मोजमाप झालं असतं, तर तुमचे स्विचचे पैसे वाचले असते.

आता दिरांच्या वायरी. तो स्विच 'धूर बाहेर जातोय' याची एकमेव ग्वाही देतो. वायरी जोडल्या म्हणजे तुम्ही त्याच्या वतीने खोटी सही केली. पाइप बर्फाने बंद असला तरी बर्नर पेटतील आणि धूर घरात राहू शकेल. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. गंमत म्हणजे, ही युक्ती बहुतेक बोर्डांवर चालतही नाही. पंखा सुरू व्हायच्या आधीच स्विच जुळलेला दिसला तर बोर्ड ओळखतो की इथे काहीतरी काळंबेरं आहे, आणि 'स्विच चिकटला' असा वेगळाच कोड दाखवून थांबतो. दिरांना माझा नमस्कार सांगा.

चार मिचकावण्यांचं प्रकरण निराळं आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत म्हणून मला जरा काळजी वाटते. तुमचा तक्ता बघून खात्री करा, पण ज्या फर्नेसमध्ये तीनदा म्हणजे प्रेशर स्विच, त्यातल्या बऱ्याच जणींत चारदा म्हणजे लिमिट स्विच. आतलं तापमान मर्यादेबाहेर गेलं, म्हणून त्याने बर्नर तोडले. मोठा पंखा फिरत राहतो, आतली ऊब ओसरते, स्विच आपोआप जुळतो, फर्नेस पुन्हा पेटते. म्हणून तुम्हाला वाटतं 'आपोआप गेलं'. ते गेलेलं नसतं. दिवसातून अनेकदा अशी तापून गार होत राहिली, तर हीट एक्स्चेंजरच्या पत्र्याला तडे जायची वाट मोकळी होते. बर्नरचा धूर आणि तुमच्या खोल्यांतली हवा यांच्यामध्ये तोच एक पत्रा आहे.

एवढी का तापते? वारा कमी पडतो म्हणून. आणि वारा कमी पडण्याची दोन कारणं मला तुमच्या घरात दिसतात. एक, फिल्टर. तो शेवटचा कधी बदलला ते तुम्ही लिहिलेलं नाही, यातच उत्तर आलं. उजेडासमोर धरून बघा. पलीकडचं काही दिसत नसेल तर आजच बदला, आणि नव्यावरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे फर्नेसकडे ठेवा. फार बारीक जाळीचा महागडा फिल्टर पातळ चौकटीत घातला तर तोही वारा अडवतो, तेव्हा महाग म्हणजे चांगला असं इथे नाही.

दुसरं कारण सासूबाईंनी बंद केलेली व्हेंट. त्यांना दोष देऊ नका, त्यांचा हिशेब दिव्याचा आहे: न वापरत्या खोलीतला दिवा मालवला की वीज वाचते. पण फर्नेस दिव्यासारखी खोलीखोलीने जळत नाही. साध्या फर्नेसचे बर्नर पेटले की चार खोल्यांसाठी असोत की सातसाठी, तेवढाच गॅस जाळतात. व्हेंट बंद केली की तीच ऊब कमी वाटांनी बाहेर पडायचा प्रयत्न करते, आत साठते आणि लिमिट स्विच उडतो. त्यांना हे सांगताना 'तुमच्यामुळे झालं' असं म्हणू नका. 'फर्नेसला श्वास घ्यायला त्रास होतोय' म्हणा आणि सगळी व्हेंट उघडायचं काम त्यांच्यावरच सोपवा. गॅस वाचवायचाच असेल तर रात्री थर्मोस्टॅट एक-दोन अंशांनी खाली करा, ते खरंच उपयोगी पडतं.

तक्त्याबद्दल एक सावधगिरी. शेजाऱ्यांच्या फर्नेसचा तक्ता तुमच्या कामाचा नाही. कॅरियर आणि ब्रायंट या कंपन्यांच्या अनेक फर्नेसमध्ये कोड दोन आकडी असतो: आधी छोट्या मिचकावण्या, मग लांब. तीन छोट्या आणि एक लांब म्हणजे ३१, तिथे तो प्रेशर स्विचचा, ३३ लिमिटचा, ३४ ज्योतीची खात्री न पटल्याचा. दुसऱ्या एखाद्या कंपनीत दिवा सतत जळत राहणं म्हणजे सगळं ठीक, आणि तिसऱ्या कंपनीत तेच बोर्ड बिघडल्याचं लक्षण. आपल्या झाकणातल्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा. फर्नेस कधी ना कधी बंद पडते, आणि नेमका तेव्हाच तो कागद ओला झालेला असतो.

पुढेमागे बर्नर पेटून पाच-सात सेकंदांत विझतात असं दिसलं, तर फ्लेम सेन्सर मळला असेल. ज्योतीतून जाणारा अगदी नाममात्र, मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा प्रवाह ती सळई पकडते, आणि तिच्यावर पातळ पापुद्रा चढला तरी तिला ज्योत दिसत नाही. वीज आणि गॅस बंद करून बारीक स्टील वूलने हलकेच पुसली की बहुधा भागतं. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नका, तो काचेसारखा तडकतो. असे काही प्रयत्न फसले की बोर्ड 'लॉकआउट'मध्ये जातो आणि तास-दोन तास गॅस सोडतच नाही. त्या वेळी सारखं सारखं रीसेट करू नका. तो गप्प बसलाय ते तुमच्या भल्यासाठी.

आणि काही मिचकावण्या अशा आहेत की तिथे माझं पत्रही वाचत बसू नका. तक्त्यात 'रोलआउट' आलं, म्हणजे ज्योत बर्नरच्या पेटीबाहेर आली. थर्मोस्टॅटने मागितलं नसताना ज्योत दिसली, असा कोड आला. किंवा गॅसचा वास आला. फर्नेस बंद, गॅस बंद, आणि कुणाला तरी बोलवा. वास आला असेल तर कसलंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. रोलआउटचा स्विच बऱ्याचदा हाताने दाबून पूर्ववत करता येतो. तरी कारण सापडेपर्यंत तो दाबू नका.

झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? नसेल तर फिल्टरच्या आधी तो आणा. उत्तर अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे हे अलार्म दशलक्ष भागांत ७० इतकं प्रमाण असेल तर एक ते चार तासांत वाजतात, ४०० असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे थोड्या प्रमाणाला तो लगेच ओरडत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर अलार्मची वाट पाहू नका.

राहिला प्रश्न नव्या फर्नेसचा. १२ वर्षं म्हणजे म्हातारपण नव्हे. नीट ठेवली तर १५ ते २० वर्षं चालते. स्विच बदलून दोष गेला नाही, हे नवी घ्यायचं कारण होत नाही. हीट एक्स्चेंजरला तडा आहे असं कुणी म्हणालं तर तो तडा कॅमेऱ्यावर दाखवायला सांगा, आणि दिसला तर मात्र घासाघीस न करता फर्नेस बंद ठेवा.

जाता जाता: टेक्निशियनने काढलेला जुना स्विच फेकला नसेल तर पिशवीत घालून वर त्याच्यावर छापलेला आकडा लिहून ठेवा. माझा अंदाज खरा असेल तर त्याला काहीच झालेलं नाही.